रंगाआधी ब्रेकचे पाइप

जुनी गाडी रंगाला टाकली की पेंटर एक प्रश्न हमखास विचारतो, "आतून पण मारायचा का?" आतून म्हणजे बॉनेटखाली, इंजिन बसतं तो सगळा खड्डा. बाहेरून गाडी चकाचक आणि बॉनेट उघडलं की पंचवीस वर्षांचं तेलकट काळं, हे मनाला पटत नाही, म्हणून आपण हो म्हणतो. मेस्त्री येऊन इंजिन उतरवतो, बॅटरी, रेडिएटर, वायरिंग काढून देतो. उरतात त्या पत्र्याला चिकटून गेलेल्या, पेन्सिलीहून बारीक लोखंडी नळ्या, म्हणजे ब्रेकचे पाइप. मेस्त्री म्हणतो, "राहू द्या, तो कागद लावून मारेल." पेंटर म्हणतो, "मी ब्रेकला हात लावत नसतो, ते मेस्त्रीचं काम."

नाशकात माझी एमएच-१५ पासिंगची मारुती ८०० आतून रंगवायची ठरली तेव्हा मी या दोघांच्या मध्ये उभा होतो. दोघंही आपापल्या कामात पक्के, पण ब्रेकचे पाइप दोघांच्याही हद्दीबाहेर. शेवटी मेस्त्रीला शेजारी उभं करून पाइप मीच सोडले आणि मीच बसवले. मधे एक घाण चूकही केली, ती पुढे येईलच. कसारा घाट उतरताना किंवा सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे खाली येताना ज्यावर आपला जीव टांगलेला असतो, त्या नळ्यांचं काम नेमकं काय आणि त्या उघडल्यावर काय बिघडू शकतं, हे आधी समजून घेतलं तर पाना हातात घ्यायला हरकत नाही.

पेडल दाबल्यावर चाकापर्यंत कुठलीही तार किंवा सळई जात नाही. जातो तो तेलातला दाब. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ केलेला. आता गाडीत बघू. समजा पायाने ३० किलोचा जोर लावला. पेडल ही तरफ आहे, ती त्याचे पाचपट, म्हणजे १५० किलो करते. हा जोर मास्टर सिलिंडरमधल्या, म्हणजे पेडलमागच्या ब्रेकच्या मुख्य पंपातल्या, २० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पडतो. त्याचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४८ किलो येतात. वर बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची) मदत असेल आणि नाशकातल्या द्वारका चौकात रिक्षा अचानक आडवी आली, तर हाच आकडा ७० ते १०० पर्यंत चढतो. टायरमध्ये आपण "३२ भर" म्हणतो, ती हवा दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोची असते. म्हणजे त्या बारीक नळीत टायरच्या तीस-चाळीस पट दाब उभा राहतो. इथे एम-सीलचा गोळा किंवा टेफ्लॉन टेप चालत नाही, आणि एसी-फ्रिजवाल्याकडच्या तांब्याच्या नळीचा जोडही चालत नाही. तांबं थरथरीने थकतं आणि एके दिवशी तडकतं.

हा सगळा हिशोब तेल दबत नाही या एका गोष्टीवर उभा आहे. हवा मात्र दबते. पाइपात एक घनसेंटिमीटर हवा राहिली, तर ती चेपण्यातच मास्टर सिलिंडरचा दट्ट्या तीन मिलिमीटर पुढे जातो, आणि पाचपट तरफेमुळे पेडल दीड सेंटिमीटर फुकट खाली जातं. अशा दोन-तीन बुडबुड्यांनी पेडल फरशीला टेकतं. "ब्रेक स्पंजी झालाय" म्हणतात तो हाच प्रकार.

हवेपेक्षा चोरटं असतं पाणी. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते खरं तर ऑइल नव्हेच. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ (हे त्याचे प्रकार) ग्लायकॉल जातीचं असतं आणि हवेतली वाफ ते शोषून घेतं, पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिल्यावर मीठ घेतं तसं. ताजं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० पर्यंत. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १४० आणि १५५ वर येते. लांब उतारावर सतत ब्रेक लावून चाकाकडचं तेल तापलं की त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दबते. नाशिक रोडच्या सपाटीवर हे कधी कळणार नाही, घाटात कळेल. म्हणून पाइप सोडून ठेवले आणि पेंटरने "दोन दिवस" म्हणत दोन आठवडे लावले, तर उघड्या तोंडांतून आत काय जातंय हा विचार करावाच लागतो.

तिसरी गोष्ट रंगवणाऱ्याच्या पोटावर पाय देणारी. हेच ब्रेक ऑइल रंग खातं. जुन्या, वाळलेल्या रंगावरही थेंब राहिला तर तो सुरकुततो, ताज्या रंगाचं तर विचारूच नका. मास्टर सिलिंडरखालच्या पत्र्याचा रंग सगळ्यात आधी का उडालेला असतो आणि गंजही तिथूनच का सुरू होतो, याचं उत्तर यात आहे. त्यातल्या त्यात बरं हे, की ग्लायकॉल पाण्यात विरघळतं. सांडलं तर पुसत बसू नका, पुसल्याने ते पसरतं. मगभर पाणी ओता, मग अजून एक मग.

आता मूळ प्रश्न. पाइप काढायचेच का? सगळ्यांनी काढावेत असं माझं मत अजिबात नाही. नुसता हात फिरवायचा असेल, रंग तोच असेल, पाइप पत्र्यापासून बोटभर सुटे असतील, तर क्लिपा सोडा, पाइप अलगद पुढे ओढा, त्याला टेप गुंडाळा आणि मागून मारा. पाइप उघडलाच नाही तर हवेचा प्रश्नच येत नाही. पण पत्रा खरवडायचा असेल, पाइपामागे गंज असेल, लांबी (पुट्टी) भरायची असेल, तर काढल्याशिवाय काम नीट होत नाही. अर्धवट कागद लावून मारलेल्या रंगाची कड पाइपाच्या सावलीत सुटते आणि वर्षभरात तिथूनच फुगवटा येतो.

आणि एबीएसची (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) गाडी असेल तर घरच्या घरी हा उद्योग करूच नका. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे त्यानंतरची गाडी या लेखातून बाहेर. एबीएसच्या डब्यात बारीक झडपा असतात. आत हवा शिरली तर पेडल मारून ती सगळी निघेलच असं नाही, बऱ्याचदा स्कॅनर लावून झडपा उघडाव्या लागतात. तिथे पाइप न सोडता झाकूनच काम करा, नाहीतर ज्याच्याकडे तो स्कॅनर आहे त्याच्याकडे द्या.

जुन्या, साध्या गाडीत खरी लढाई असते नटाशी. पाइपाच्या टोकाला १० चा पाना लागेल असा छोटा नट असतो (काही गाड्यांत ११ चा). तो मऊ, आणि पंचवीस पावसाळे खाल्लेला. साधा फिक्स पाना लावला की तो नटाच्या दोनच कडा धरतो. जोर दिला की नट गोल. रिंग पाना पाइपामुळे वरून घालता येत नाही. म्हणून याचा वेगळा पाना मिळतो. दिसायला रिंगसारखाच, फक्त पाइप आत सरकेल एवढी फट कापलेली. त्याला फ्लेअर नट पाना म्हणतात. सहापैकी पाच कडा धरतो. दुकानात मागताना "ब्रेक पाइपचा, तोंड कापलेला रिंग पाना" म्हटलं की काउंटरवरचा माणूस बरोबर काढून देतो. या कामासाठी एकच हत्यार विकत घ्यायचं असेल तर हे घ्या. व्हाइस प्लायरने नट धरू नका, मेस्त्री म्हणाला तरी नाही. तो शेवटचा उपाय असतो आणि त्यानंतर तो पाइप भंगारातच जातो.

आदल्या रात्री नटाभोवती तारेच्या ब्रशने माती काढा आणि गंज सोडवणारं तेल एक-दोन थेंब लावा. थेंब म्हणजे थेंबच. ते पेट्रोलियम तेल आत शिरलं तर मास्टर सिलिंडरचे रबर फुगतात आणि ब्रेक जाम होतो. याच कारणाने ब्रेकचा कुठलाही भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुवायचा नाही, आपल्याकडे गॅरेजमध्ये धुतात तरीही. ब्रेक क्लीनरचा डबा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

सकाळी पाना लावल्यावर पहिली पाव फेरी बघत बघत फिरवा. नजर नटावर नको, पाइपावर हवी. नट फिरतोय आणि पाइप स्थिर आहे, तर छान. पाइपही नटाबरोबर पिळतोय असं दिसलं की तिथेच थांबा, पुन्हा घट्ट करा, पुन्हा थोडा सैल, आणखी एक थेंब, तासभर वाट. माझ्या गाडीत मागच्या पाइपाच्या जोडाला हेच झालं. चौथ्या वेळी नट "कट्" असा आवाज करून सुटला. मला वाटलं पाइप तुटला, पण तो गंजाचा थर फुटला होता. दुसरा एक मात्र खरंच पिळला. पिळलेला पाइप सरळ करून पुन्हा बसवायचा नसतो, नवीन आणायचा. आणि नट सुटेना म्हणून गॅसची ज्योत लावू नका. आत जे आहे ते पेट घेतं.

पाइप सोडताना तेलाची धार लागू नये म्हणून एक जुनी युक्ती आहे. पेडल साधारण इंचभर दाबून तिथेच अडकवून ठेवायचं, सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी टेकवून. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीतून तेल येण्याचं जे बारीक भोक असतं, ते दट्ट्या पुढे सरकल्याने बंद होतं आणि गळती जवळजवळ थांबते. बॅटरी आधी काढा, नाहीतर मागचे ब्रेक लाइट रात्रभर जळत बसतील. एक-दोनच जोड सोडायचे असतील तर ही युक्ती पुरते. सगळंच काढायचं असेल तर मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, टाकी उपसा, चाकांकडचे निपल (तेल आणि हवा बाहेर काढायच्या बारीक तोट्या) सोडून उरलेलं बाटलीत घ्या. ती बाटली नाल्यात ओतू नका. नाशकातले नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात. गॅरेजवर द्या, पण इंजिन ऑइलच्या पिंपात मिसळू नका.

काढलेला प्रत्येक पाइप आहे त्याच वळणात राहिला पाहिजे. मी जुन्या कार्डबोर्डवर पाइप ठेवून पेन्सिलीने त्याचा आकार काढला, टोकांना टेपवर नंबर लिहिले आणि तेच नंबर मास्टर सिलिंडरच्या भोकांशेजारी. मोबाइलमध्ये फोटो होतेच, पण तेलकट हाताने फोटो मोठा करून बघण्यापेक्षा कार्डबोर्ड बरा. छोट्या गाड्यांत बहुधा पुढचं डावं चाक मागच्या उजव्याशी आणि पुढचं उजवं मागच्या डाव्याशी जोडलेलं असतं, म्हणजे एक बाजू फुटली तरी पुढचा एक ब्रेक हाताशी राहतो. पाइपांची अदलाबदल झाली तर ही सोय बिघडते आणि वरून काही कळत नाही.

मग तोंडं बंद करणं. पाइपाच्या टोकांना निपलवर असतात तसल्या रबरी टोप्या बसतात, मूठभर विकत घ्या. मास्टर सिलिंडरच्या भोकांसाठी लोक ड्रॉवरमधला कुठलाही १० चा बोल्ट फिरवतात, आणि इथे हजारोंचं नुकसान होतं. तिथले आटे बारीक असतात, दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. नेहमीच्या एम-१० बोल्टाचं दीड मिलिमीटर. दोन फेऱ्या जातो, अडतो, आपण जोर लावतो आणि सिलिंडरचे आटे जातात. मेस्त्रीने मला सोपं सांगितलं. भंगारातला तसलाच जुना पाइप घ्या, टोकापासून दोन इंचांवर कापा, शेपूट दुमडून हातोडीने चेपा. नट तोच, आटे तेच, तोंड तेच, भोक बंद. तोंड तेच हवं हे मात्र बघून घ्या. काही पाइपांचं टोक कर्ण्यासारखं उघडं असतं, काहींचं कांद्यासारखं फुगीर. एकाच्या जागी दुसरं बसत नाही, आणि घट्ट केलं की बसल्यासारखं वाटतं, हे जास्त वाईट.

ही सगळी शहाणीव मला चुकीनंतर आली. मी भोकांत फक्त चिंध्या कोंबल्या होत्या. रंग मारून दोन दिवस झाले होते, मास्टर सिलिंडर बसवून त्यात तेल भरून ठेवलं होतं, पाइप उद्या जोडणार. तेवढ्यात दुसरी गाडी आत घ्यायची म्हणून पोरांनी माझी गाडी ढकलत बाहेर काढली. स्टिअरिंगवर बसलेल्या पोराने भिंत जवळ आली म्हणून जे कोणीही करेल तेच केलं. ब्रेक दाबला. दोन चिंध्या बंदुकीच्या गोळीसारख्या उडाल्या, तेलाच्या दोन धारा आतल्या ताज्या पांढऱ्या रंगावर. गाडी काही थांबली नाही. थांबवली ती त्याने हँडब्रेक ओढून. अशा जुन्या गाड्यांत हँडब्रेक तारेचाच असतो. १९२१ च्या अमेरिकन ड्यूसेनबर्गमध्ये चारही चाकांना तेलाचे ब्रेक आले, त्याआधी पायाचे ब्रेकही असेच तारा-सळयांचे असत. ती जुनी पद्धत त्या दिवशी माझ्या बंपरला वाचवून गेली. पाण्याच्या बादल्या ओतल्या, तरी संध्याकाळपर्यंत वीतभर रंग दुधाच्या सायीसारखा गोळा झाला. पेंटर काही बोलला नाही. फक्त पॉलिश पेपर माझ्या हातात दिला.

तेव्हापासून पाइप सुटलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला मी मोठ्या अक्षरात "ब्रेक नाही" लिहून चिकटवतो आणि चाकांना विटा लावतो. हँडब्रेकची तार आधीच तपासून घ्या.

रंगाबद्दल थोडक्यात, कारण ते पेंटरला माझ्यापेक्षा जास्त कळतं. रबरी होज आणि त्यांची टोकं टेपने पूर्ण झाका, थिनरने रबर खराब होतं. पाइपावरचा मूळ थर पॉलिश पेपरने घासू नका, तोच त्याला गंजापासून वाचवतो. मारुतीसारख्या गाड्यांत चासी नंबर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) कोरलेला असतो, त्यावर लांबी किंवा जाड रंग चढला तर पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला आरटीओत पेन्सिल घासून छाप निघणार नाही, मग तुम्ही आहात आणि ते टेबल आहे. हार्डनर घातलेल्या रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्याला साधा कापडी मास्क पुरत नाही. भर पावसाळ्यात मारलात तर रंग पांढरट पडतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा गारठा शहरापर्यंत येतो, तेव्हा सकाळी आठला नको, ऊन वर आल्यावर सुरू करा.

जोडताना प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवा, निदान तीन-चार फेऱ्या. पाना नंतर. तिरका बसलेला नट बोटाला लगेच कळतो, पान्याला कळत नाही. पाइप क्लिपांत बसवायच्या आधी सगळी टोकं लावून घ्या, म्हणजे हलायला जागा राहते. घट्ट किती? बऱ्याच छोट्या गाड्यांत १५-१६ न्यूटन-मीटरच्या आसपास, तुमच्या मॅन्युअलचा आकडा अंतिम. हे फार नाही, छोटा पाना मनगटाच्या जोराने. गळतंय म्हणून अजून आवळत गेलं की पाइपाचं तोंड चिरतं. तोंडाखाली रंगाचा कण नाही ना, ते आधी बघा. आटे आणि बैठकीची जागा यांवर रंग अजिबात नको.

तेल नवीन, सीलबंद डब्यातलं, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही सख्खी भावंडं वाटतात, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक निपलवर, आणि दोघांची भाषा ठरलेली. "दाब." "दाबलंय." निपल उघडलं, नळीतून बुडबुडे आले, बंद केलं, "सोड." निपल बंद व्हायच्या आत पेडल सुटलं तर हवा परत आत. कुठल्या चाकापासून सुरुवात, ते मॅन्युअल सांगतं. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं, बहुधा तिथूनच. टाकी दर आठ-दहा पेडलांनी बघा. ती रिकामी झाली की पहिल्यापासून. घरातलं माणूस पेडलवर बसवणार असाल तर चहा आधीच पाजा. आमच्याकडे हे काम बायकोने केलं आणि चौथ्या चाकाला तिचा "सोडू का?" चा सूर बदलला होता.

शेवटी तपासणी. इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय. बूस्टरच्या गाडीत पेडल धरून इंजिन चालू केलं की ते किंचित खाली जायला हवं, तेवढं चालतं. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने, मग मोकळ्या सपाट रस्त्यावर. घाट लगेच नको.

मी त्या रात्री प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून ठेवला होता. सकाळी टॉर्च घेऊन बघितलं. सात कोरडे, मागच्या डाव्या होजजवळच्या एकावर नाण्याएवढा डाग. नट सोडला, तोंड पुसलं. आत पांढऱ्या रंगाची एक पापडी होती, नखाने निघाली.